कामासाठी इटलीला जाणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत इटलीवर दोन पानं आली होती. फोटो सुरेख होते, व्हेनिसच्या कालव्यांचं वर्णनही छान होतं. राहण्याबद्दल मात्र त्यात एकच सल्ला होता: शहराच्या मध्यभागी चार तारांकित हॉटेल घ्या, म्हणजे काळजी नाही. सुट्टीवर जाणाऱ्या जोडप्यासाठी तो बरोबर असेलही. पण मुंबईतून इटलीला कामासाठी जाणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी मराठीत कुणी काही लिहीत नाही. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

मी अंधेरीतल्या एका औषध कंपनीत प्रवासाची व्यवस्था बघते. तिकिटं, व्हिसाचे कागद, हॉटेल आणि रात्री अकरा वाजता 'मॅडम, खोलीत इस्त्री नाहीये' असा फोन आला तर तोही. गोळ्यांच्या पट्ट्या भरणारी यंत्रं बनवणारे कितीतरी कारखाने बोलोन्या शहराच्या आसपास आहेत. त्या परिसराला पॅकेजिंग व्हॅली असंच नाव पडलंय. यंत्र जहाजावर चढण्याआधी आमचे इंजिनिअर तिथे जाऊन ते चालवून बघतात. त्याला एफएटी म्हणतात. ही मुलं डोंबिवलीची, बदलापूरची. काही तर आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारी. दिवसभर यंत्रासमोर उभं राहून मोजमापं घ्यायची, रात्री अहवाल लिहायचा आणि सकाळी पुन्हा हजर. त्यांना खिडकीतून चर्चचा घुमट दिसला नाही तरी चालतं. झोप, आंघोळ आणि पोटभर जेवण मात्र मिळायला हवं.

माझं म्हणणं एवढंच, की या तीन गोष्टी हॉटेलच्या ताऱ्यांवर ठरत नाहीत. इटलीत तारे देण्याचे निकष प्रत्येक प्रांताचे आपापले आहेत, त्यामुळे एका शहरातले चार तारे दुसऱ्या शहरातल्या चारांशी जुळतीलच असं नाही. मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे निघण्याच्या कितीतरी आधी इथे बसून ठरतं. तारीख कोणती, हॉटेल कुठल्या भागात आणि हॉटेलला आपण काय काय विचारलं, यावर.

सगळ्यात आधी तारीख. आमचे साहेब 'मार्चमध्ये कधीतरी' म्हणतात आणि मी कपाळाला हात लावते. मार्चमध्ये बोलोन्यात कॉस्मोप्रोफ हे सौंदर्यप्रसाधनांचं प्रचंड प्रदर्शन भरतं. सप्टेंबरच्या शेवटी चेरसाये भरतं, म्हणजे टाइल्सचं. त्या दिवसांत एरवीची साधी खोली दुप्पट-तिप्पट भाव खाते आणि तरीही मिळत नाही. मिलानचं तसंच. एप्रिलमधल्या फर्निचरच्या प्रदर्शनात, सालोने देल मोबिलेत, किंवा फेब्रुवारी-सप्टेंबरच्या फॅशन वीकमध्ये मिलानला जायचं असेल तर कित्येक महिने आधी खोली धरावी, नाहीतर तारीख बदलावी. झवेरी बाजारातल्या ज्या मंडळींना जानेवारी नाहीतर सप्टेंबरमध्ये विचेंझाच्या दागिन्यांच्या प्रदर्शनाला जायचं असतं, त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. विचेंझा लहान गाव, तिथे जागा संपली की माणसं पादोव्यात नाहीतर वेरोनात उतरतात आणि रोज ट्रेनने ये-जा करतात. बोलोन्या भरलं की मोदेना बघावं. ट्रेनने साधारण अर्ध्या तासाचं अंतर. विरार-चर्चगेट करणाऱ्याला त्यात काय विशेष!

सुट्ट्यांचाही विचार करावा. १५ ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन, तर तिकडे फेर्रागोस्तो हा सण. त्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे उत्तर इटलीतले बहुतेक कारखाने बंद असतात. हॉटेल स्वस्त मिळतं म्हणून ऑगस्ट निवडणारा मनुष्य बंद फाटकासमोर उभा राहतो. शिवाय २५ एप्रिल, १ मे, २ जून या राष्ट्रीय सुट्ट्या आणि वर प्रत्येक शहराच्या संताचा दिवस. मिलानला ७ डिसेंबर, बोलोन्याला ४ ऑक्टोबर. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवार जोडून घेण्याची पद्धत तिकडेही आहे, याबाबतीत ती माणसं अगदी आपलीच वाटतात.

आता भाग कुठला. इथे माझं मत ठाम आहे आणि आमच्या खरेदी विभागाशी माझं यावरून दर वेळी वाजतं. त्यांना कारखान्याच्या जवळचं, हायवेच्या तोंडाशी असलेलं हॉटेल आवडतं. भाडं कमी, खोली मोठी, गाडी उभी करायला जागा फुकट. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात संध्याकाळी सहानंतर तिथे चिटपाखरू नसतं. दुकान नाही, फार्मसी नाही, हॉटेलचं रेस्टॉरंट रविवारी बंद. फुटपाथही धड नसतो, म्हणजे चालत कुठे जाणार? टॅक्सी म्हणावी तर रस्त्यावर हात करून थांबवायची सवय तिकडे नाही. स्टँडवर जायचं किंवा फोन करायचा. फोन करून बोलावली तर गाडी आपल्याकडे यायला निघते तिथपासूनच मीटर चालू होतो. दारात आली तेव्हा मीटरवर आकडा बघून आमच्या एका मुलाला वाटलं आपल्याला फसवलं. फसवलं नव्हतं, तिथला नियमच तसा आहे.

त्यापेक्षा रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आतलं हॉटेल घ्यावं. बोलोन्याच्या विमानतळावरून मार्कोनी एक्सप्रेस नावाची मोनोरेल २०२० पासून धावते, साडेसात मिनिटांत ती मुख्य स्टेशनवर सोडते. त्या स्टेशनवरून मिलान वेगवान गाडीने तासाभराच्या थोडं पुढे, फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत. यजमान कंपनीची गाडी सकाळी न्यायला यायची असेल तर ती स्टेशनपाशीही येते. आणि बोलोन्याच्या जुन्या भागात रस्त्याच्या कडेने कमानींचे झाकलेले पदपथ आहेत, मैलोन् मैल. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. मला त्यांचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी: धो धो पावसात चाकांची बॅग ओढत नेली तरी अहवालाचे कागद कोरडे राहतात. एकच सांभाळावं. बोलोन्याचे वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत. गाडीच्या पाच मिनिटं आधी पोचून दादरसारखं पळत सुटलात तर गाडी गेलीच समजा.

मिलानमध्ये काम प्रदर्शनाच्या मैदानावर असेल तर ते मैदान शहरात नाही, बाहेर रो या गावी आहे. लाल मेट्रो, म्हणजे एम-१, थेट 'रो फिएरा' स्थानकावर जाते. म्हणून हॉटेल लाल मार्गावरच्या कुठल्याही स्थानकाजवळ बघावं, मैदानाजवळच हवं असा हट्ट नको. मध्यवर्ती स्टेशनजवळ हॉटेलं भरपूर आहेत आणि मालपेन्सा विमानतळाची ट्रेन तिथे येते, हे खरं. पण पाकीटमारही तिथेच जास्त. ऐन गर्दीच्या वेळी मागच्या खिशात पाकीट ठेवून आपण चर्चगेटला तरी उतरतो का?

रेल्वेवर विसंबायचं तर संपाचीही माहिती हवी. इटलीत रेल्वेचे संप होतात, बरेचदा शुक्रवारी. पण कायद्याने ते आधी जाहीर करावे लागतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. परतीचं विमान शुक्रवारी दुपारी असेल तर गुरुवारची शेवटची रात्र विमानतळाजवळ काढणं शहाणपणाचं. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. जुन्या शहरांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेली क्षेत्रं असतात, त्यांना झेड-टी-एल म्हणतात. तिथे पोलीस दिसत नाही, कॅमेरा असतो. हॉटेल त्या क्षेत्रात असेल तर गाडीचा नंबर हॉटेलला द्यावा, ते तो नोंदवून घेतात. नाही दिला तर दंडाची नोटीस काही महिन्यांनी मुंबईच्या पत्त्यावर येते.

स्वस्त दराचा मोह हा पुढचा विषय. वेबसाइटवर दोन भाव दिसतात: एक रद्द करता येणारा, दुसरा न येणारा. दुसरा कमी असतो. पण शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या, व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचं बुकिंग जोडावं लागतं, म्हणजे खोली आधी आणि व्हिसा नंतर. शिवाय यंत्राची चाचणी हमखास पुढे ढकलली जाते, कधी त्यांचा सुटा भाग आलेला नसतो तर कधी आमच्या पट्टीची फॉइल. अशा वेळी न परतणारे पैसे वाचले कुठे? व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्यावं. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच द्यावं. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि हॉटेलच्या यादीत नुसतं नाव-आडनाव. व्हिसा केंद्राच्या खिडकीवर तेवढ्यावरून प्रश्न निघतात.

पैसे कंपनी इथून भरणार असेल तर 'या पाहुण्याकडून खोलीचे पैसे घ्यायचे नाहीत' असं हॉटेलकडून लेखी मागवून ते प्रवाशाच्या मोबाइलवर आणि कागदावर, दोन्हीकडे द्यावं. तरीही रिसेप्शनवर किरकोळ खर्चासाठी कार्ड मागतातच. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड परदेशी वापरासाठी बंदच असतं. ते बँकेच्या ॲपमधून आपण सुरू करायचं. हे विमानतळाच्या रांगेत नको, घरी बसून करावं. आणि मशीनवर 'युरो की रुपये' असं विचारलं तर युरोच दाबावं, रुपयांचा दर नेहमी आपल्याला महाग पडतो.

पासपोर्टचं सांगते, कारण पहिल्यांदा जाणारे त्याने घाबरतात. हॉटेलवाले पासपोर्ट मागतात, कधी थोडा वेळ ठेवूनही घेतात. कारण पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत पोलिसांना कळवण्याचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर आहे. तेव्हा वाद घालू नये, नोंद झाली की परत मागून घ्यावा.

मी स्वतः हॉटेलला एक ईमेल पाठवते. बुकिंग झाल्यावर, निघण्याच्या आधी, साध्या इंग्रजीत, आठ-दहा ओळींची. बुकिंगच्या वेबसाइटवरच्या 'विशेष सूचना' या चौकटीवर माझा विश्वास नाही. ईमेलला रिसेप्शनवरची कुणीतरी व्यक्ती उत्तर देते आणि त्या उत्तराचा कागद दाखवता येतो. त्यात पहिली गोष्ट पलंगांची. आमच्या कंपनीत ज्युनिअर मुलांना दोघांत एक खोली देतात. (हे मला मान्य नाही, पण ते ठरवणारी मी नव्हे.) दोघांची खोली म्हटलं की तिकडे बहुधा एकच मोठा पलंग निघतो. दोन सहकारी बॅगा घेऊन दारात उभे आणि समोर फुलांची चादर घातलेला डबलबेड, असं व्हायला नको. 'दोन वेगळे पलंग' हे शब्द बुकिंगवर छापून आले पाहिजेत. एकट्याची खोली मागितली तर ती खरंच लहान असते; दोघांची खोली एकट्यासाठी थोड्या जास्त भाड्यात देतात, लांबचा मुक्काम असेल तर ती घ्यावी.

दुसरी, पोचण्याची वेळ. खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. मुंबईहून पहाटे निघून सकाळी किंवा दुपारी पोचलेला माणूस लॉबीत पेंगत बसतो. लवकर खोली मिळेल का, आणि नसेल तर बॅगा ठेवून आंघोळीची काही सोय होईल का, हे विचारून ठेवावं. इटलीचं घड्याळ आपल्या मागे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे पहिल्या रात्री नऊलाच डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क उघडतात. अशा वेळी रस्त्याकडची खोली जिवावर येते, म्हणून मी आतल्या चौकाकडची मागते.

तिसरी, किटली. इंग्लंडसारखी चहाची व्यवस्था इटलीतल्या खोलीत असेलच असं नाही. कॉफीचं यंत्र असतं, गरम पाण्याची किटली नसते. मागितली तर कित्येक हॉटेलं देतात. इस्त्रीचंही तसंच. आणि खोलीतल्या हवेबद्दल. बोलोन्या-मिलानच्या पट्ट्यात इमारती तापवण्याची मुदत सरकारी नियमाने १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल ठरलेली आहे. अनेक हॉटेलांत थंड-गरम हवेची यंत्रणा सगळ्या इमारतीची एकच असते, मोसम बदलला की एकदमच फिरवतात. एप्रिलच्या शेवटी गारठलेल्या संध्याकाळी भिंतीवरचं बटण कितीही दाबलं तरी खोली ऊबदार होत नाही, तेव्हा जादा ब्लँकेट आधीच मागून ठेवलेलं बरं.

न्हाणीघराबाबत आपल्या माणसांना सुखद धक्का बसतो. युरोपात इतरत्र बऱ्याच ठिकाणी कागदावर भागवावं लागतं, इटलीत बिडे, म्हणजे पाण्याने धुवायचं वेगळं भांडं, असतो. १९७५ च्या सरकारी आदेशाने तिथल्या घरांत तो बंधनकारकच केला आणि बहुतेक हॉटेलांतही आढळतो. शॉवरजवळ छतापासून एक दोरी लोंबत असते, तिला हात लावू नये. ती संकटकाळी मदत बोलवायची दोरी आहे. आमच्या एका सज्जनांनी तिच्यावर ओलं बनियन वाळत घातलं आणि दोन मिनिटांत रिसेप्शनवरची बाई धावत दारात!

प्लगचं थोडक्यात: वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, त्यामुळे उपकरणं चालतात. मोबाइलच्या चार्जरचे दोन गोल पाय बसतात, लॅपटॉपचा आपला तीन पायांचा प्लग बसत नाही, कारण त्यांचे तीन पाय एका रेषेत असतात. लोहार चाळीत दोन बारीक गोल पायांचा अडॅप्टर मिळतो, तो घ्यावा. विमानतळावरचा ठोकळा घेऊ नये.

जेवण हा सगळ्यात नाजूक भाग, कारण यात लाज आडवी येते आणि मुलं उपाशी झोपतात. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातला उघडतात. मधल्या वेळात बारमध्ये सँडविच आणि कॉफी एवढंच. हॉटेलच्या दरात नाश्ता धरलेला हवाच, कारण व्यावसायिक हॉटेलात अंडी, फळं, दही, ब्रेड मिळतं. बाहेर इटालियन माणूस गोड क्रोसाँसारखं काहीतरी आणि कॉफी घेऊन कामाला लागतो. शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. बोलोन्याच्या भागातली पियादिना नावाची पोळी पुष्कळदा डुकराच्या चरबीत मळतात, दिसायला मात्र ती आपल्या चपातीची सख्खी बहीण. आणि पार्मिजानो चीज विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, कडक शाकाहारी माणसाला हे सांगायलाच हवं. टोमॅटोचा साधा पास्ता, 'चीज नको' म्हणून सांगून, किंवा मारिनारा पिझ्झा निर्धास्त खावा; त्या पिझ्झावर चीज नसतंच. मासे-मटण खाणाऱ्या पण गोमांस न खाणाऱ्यांनी बोलोन्याचा प्रसिद्ध रागू, म्हणजे पास्त्यावरचा खिम्याचा रस्सा, टाळावा, त्यात ते असतं. मेनूवर काय खायचं आणि काय नाही, हे इटालियनमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी मी प्रत्येकाच्या पाकिटात घालते. ती वेटरसमोर धरायची. बोलायची गरज नाही.

शेवटचा मुद्दा इटलीचा नाही, इथल्या लेखा विभागांचा आहे, आणि खरं सांगायचं तर या पत्राचं निम्मं कारण तोच. इटलीतल्या बहुतेक शहरांत हॉटेलात राहणाऱ्याकडून माणशी, रात्रीमागे शहराचा कर घेतात. दर शहरागणिक वेगळा. रोमने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो वाढवला तेव्हा तीन तारांकितला ६ युरो, चार तारांकितला साडेसात आणि पंचतारांकितला १० युरो झाला. हा कर बहुधा वेबसाइटच्या भावात नसतो, मुक्कामाच्या शेवटी रिसेप्शनवर वेगळा भरावा लागतो. आठवडाभर राहिलेल्या मुलाच्या खिशातून एवढे युरो जातात आणि मुंबईत आल्यावर त्याला ऐकावं लागतं, 'हे मंजूर भाड्यात नाही, तुझ्या दैनिक भत्त्यातून धर.' भत्ता जेवणाचा असतो. त्या पोराने कर भरला तो कंपनीच्या कामासाठी. हॉटेलच्या बिलावर तो 'इम्पोस्ता दी सोज्जोर्नो' अशा वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो, क्वचित त्याची पावती वेगळी देतात. आपल्या वाचकांत लेखा विभागात काम करणारे पुष्कळ असणार. त्यांनी ती ओळ खोलीच्या भाड्यातच धरावी आणि प्रवासाच्या मंजुरीच्या अर्जात तिच्यासाठी आधीच एक रकाना करावा. आमच्याकडे तो रकाना मागून बराच काळ झाला, अजून फाइल वरच आहे.

आपली नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

(शेवटच्या परिच्छेदामुळे नाव छापू नये, ही विनंती.)